खेळ जमवायचे कसे आणि रचायचे कसे

बैठ्या खेळांचा छंद म्हटलं की खोक्यांनी भरलेलं कपाट डोळ्यांपुढे येतं. कपाट असायला हरकत नाही, पण छंद तिथून सुरू होत नाही. एकाच गल्लीतल्या दोन घरांत लुडो वेगवेगळा खेळतात. एका घरात 6 पडल्याशिवाय सोंगटी सुटत नाही, दुसऱ्यात 1 पडला तरी सुटते. फरक किरकोळ वाटेल, पण हिशोब करून बघा. फक्त 6 वर सुटायचं असेल तर सरासरी सहा वेळा फासा टाकावा लागतो, 1 किंवा 6 चालत असेल तर तीन वेळा. सुरुवातीचं ताटकळणं एका नियमाने निम्म्यावर येतं. ज्या कुणी हा नियम घरात आणला, त्याने खेळ रचायला सुरुवात केलीच होती.

म्हणून या लेखाचा सगळा रोख एका गोष्टीवर आहे. जमवायचे ते नियम. पट, फासे, पत्ते हे त्या नियमांचं सामान. आणि नवा खेळ करायचा तर कोऱ्या कागदापुढे डोकं धरून बसायचं नाही, जमवलेल्या एखाद्या खेळाचा एक नियम हलवायचा. जमवणं आणि रचणं हे दोन छंद नाहीतच, म्हणून खाली दोन्हींची सांगड घालत पायऱ्या दिल्या आहेत.

वही करा

पहिली खरेदी म्हणजे एक जाड, चौकटीची वही. चौकटीची अशासाठी की पट काढायला बरं पडतं. एका खेळाला दोन पानं. डाव्या पानावर पटाचं चित्र, उजव्या पानावर पुढची माहिती: खेळाचं नाव आणि त्याची इतर नावं, सांगणाऱ्याने तो कोणत्या गावात आणि साधारण कोणत्या दशकात शिकला, भिडू किती, सामान काय, डाव कसा मांडायचा, खेळी कशी करायची, सोंगटी कशी मारायची, डाव कधी संपतो.

एवढं कुणीही लिहितं. खरा ऐवज त्याच्या खाली असतो. राज्य कुणावर हे कसं ठरवतात? भांडण झालं तर निकाल कसा लागतो? फासा पटाबाहेर पडला तर? घरातल्या लहान्याला कसं सामावून घेतात? आपल्याकडची ‘कच्चा लिंबू’ ही सोय घ्या. पोर खेळतं, पळतं, सोंगटी हलवतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याचं मरणं मोजत नाहीत. हल्ली छापील खेळांत लहान मुलांसाठी वेगळे सोपे नियम देतात, ते काम या दोन शब्दांत कधीच होऊन गेलं आहे. असे नियम छापील पत्रकात सापडत नाहीत. माणसांकडूनच मिळतात, आणि ज्यांच्याकडे ते आहेत त्यांचं वय वाढत चाललं आहे. घाई करावी अशी या छंदात ही एकच गोष्ट आहे.

विचारताना ‘तुमच्या लहानपणी कोणते खेळ होते?’ असं विचारू नका. उत्तर हमखास ‘विटीदांडू, लगोरी’ असं येतं आणि गप्पा संपतात. त्याऐवजी चार कवड्या समोर ठेवा किंवा फरशीवर खडूने पाच गुणिले पाच घरांचा चौकोन काढून कडेच्या मधल्या घरांत आणि मधोमध फुल्या मारा. चल्लस आठ, कुणी अष्टाचम्मा म्हणेल. बोटं आपोआप चालू लागतात आणि त्यांच्या मागोमाग नियम येतात. मग नेमकं विचारा. चार कवड्या उताण्या पडल्या तर 4, सगळ्या पालथ्या पडल्या तर 8, आणि दोन्हींना पुन्हा टाकायला मिळतं, हे बहुतेक ठिकाणी सारखं असतं. पण लागोपाठ तिसऱ्यांदा 8 पडला तर डाव जळतो का? एकही सोंगटी न मारता आतल्या रांगेत शिरता येतं का? फुलीच्या घरात दोघांच्या सोंगट्या एकत्र बसतात का? या तीन प्रश्नांची उत्तरं घरागणिक बदलतात. प्रत्येक उत्तर वेगळ्या ओळीत, सांगणाऱ्याच्या गावासकट लिहा. ‘बरोबर’ नियम कोणता हे ठरवायच्या भानगडीत पडू नका.

पत्त्यांचंही तसंच. मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात, झब्बू, जजमेंट, नॉट ॲट होम यांची एकेक पानजोडी करा. ओळखीच्या चार घरांत विचारलंत तर मेंढीकोटात हुकूम कसा ठरवायचा यावरच दोन पानं भरतील. शब्दखेळांना वेगळा विभाग द्या: गाण्यांच्या भेंड्या, नाव-गाव-फळ-फूल, कोडी, उखाणे, दमशेराज. भेंड्यांत ‘ळ’ आला की ‘ल’ घ्यायचा आणि ‘ण’ आला की ‘न’, कारण मराठी शब्द या दोन अक्षरांनी सुरूच होत नाहीत. ही पळवाट सगळ्यांनी इतकी अंगवळणी पाडली आहे की तो नियम आहे हेही कुणाच्या लक्षात येत नाही. लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

जुन्या वस्तू घेताना

वही भरू लागली की हात वस्तूंकडे वळतोच. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, गावातल्या माळ्यावरच्या ट्रंका ही नेहमीची ठिकाणं. कापडी सारीपाट अजून मिळतात. चार पट्ट्यांचा फुलीसारखा आकार, प्रत्येक पट्टीत आठ घरांच्या तीन रांगा, म्हणजे एकूण 96 घरं. घेताना घरं मोजा. नव्याने सजावटीसाठी केलेल्या पटांत ती हमखास चुकलेली असतात, आणि मग तो भिंतीवर लावायचा पट, खेळायचा नव्हे.

सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे गोल पत्त्यांचा जुना खेळ, मात्र नवाच घ्यावा असं माझं मत आहे. तिथल्या राजवाड्यात तो आजही हाताने रंगवतात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला भोसले राजघराण्याने, म्हणजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी, ही कला बुडता बुडता सावरली. दशावतारी गंजिफ्यात गोल पत्ते 120 असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. जमवणाऱ्याला चित्रं भुलवतात, पण रचणाऱ्याने नियम बघावेत. पाच रंगांत दहाचा पत्ता एक्क्यापेक्षा वरचढ, उरलेल्या पाच रंगांत उलट, एक्का वरचढ. शिवाय डाव दिवसा मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हातात तो सुरुवात करतो, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. घड्याळात किती वाजले यावर डाव फिरतो, ही कल्पना आजच्या कुठल्याही नव्या खेळात चपखल बसेल. उचलायला कुणाची परवानगी लागत नाही.

एक सावधगिरी. हस्तिदंती फासे किंवा सोंगट्या कुणी ‘आजोबांच्या काळातल्या आहेत’ म्हणून विकत असेल तर हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार हस्तिदंताची खरेदी-विक्री गुन्हा आहे, वस्तू कितीही जुनी असो. शंभर वर्षांहून जुना पट हाती लागला तर तो पुरावस्तू ठरू शकतो. अशी वस्तू परदेशातल्या भाचीला भेट म्हणून पाठवता येत नाही.

जपणुकीचं थोडक्यात. आपला खरा शत्रू पावसाळा. पुठ्ठ्याचे पट आडवे ठेवा, उभे ठेवले की दमट हवेत वाकतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दसऱ्याच्या सुमारास सगळं सावलीत हवेशीर पसरा. पत्त्यांना रबर लावू नका. दोन-तीन वर्षांत ते विरघळून पत्त्याला चिकटतं आणि डाग कायमचा राहतो. जुन्या पटाला सेलोटेप लावणं आणि लॅमिनेशन करणं या दोन्ही गोष्टी केल्यावर पश्चात्तापाशिवाय हाती काही उरत नाही.

आणि जे घरी आणताच येत नाही त्याचा फोटो काढा. जुन्या देवळांच्या फरशांवर, लेण्यांच्या ओसरीत दगडात कोरलेले पट असतात. हंपीच्या मंदिरांत तर ते जागोजागी दिसतात. एकात एक तीन चौकोन, मधोमध रेषांनी जोडलेले, असं दिसलं तर ती नवकंकरी: 24 ठिकाणं, दोघांच्या नऊ-नऊ सोंगट्या, तीन एका ओळीत आल्या की समोरच्याची एक उचलायची. खळग्यांच्या दोन रांगा दिसल्या तर कर्नाटकातल्या अळिगुळि मणेच्या जातीचा खेळ. फोटोत शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. खडूने रेषा ठळक करायचा मोह आवरा, दगड आपला नाही.

खेळ उघडून बघा

वहीत पंधरा-वीस खेळ झाले की एकेक उघडून बघायचा. मी प्रत्येकाला तीन प्रश्न लावते. नशीब किती आणि निवड किती? दुसरा खेळत असताना मी काय करते? आणि हरणाऱ्याला आपण हरणार हे किती आधी कळतं?

पहिल्या प्रश्नासाठी चल्लस आठच्या कवड्या घ्या. कवडी नाण्यासारखी निम्मी-निम्मी पडते असं धरलं तर चार कवड्यांच्या 16 शक्यता होतात: 2 पडायच्या सहा, 1 आणि 3 पडायच्या चार-चार, 4 आणि 8 पडायची प्रत्येकी एक. म्हणजे 8 हे दान दुर्मीळ आहे, म्हणूनच त्याला एवढा मान. पण खरी कवडी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. तुमच्या चार कवड्या 100 वेळा टाका आणि काय पडलं ते रेघा मारून मांडा. तुमच्या कवड्यांचा स्वभाव कळेल आणि शक्यतांचं गणित पुस्तकापेक्षा चांगलं डोक्यात बसेल. फाशात 1 ते 6 सगळे सारखे पडतात, कवड्यांत मधले आकडे जास्त. नवा खेळ करताना यांतलं काय हवं, हा निर्णय मुद्दाम घ्यायचा असतो. फक्त फासा हाताशी होता म्हणून फासा घेतला, असं होऊ नये.

दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक घरगुती खेळ नापास होतात. व्यापारात पाचवा भिडू चार जणांचं भाडं-खरेदी आटपेपर्यंत पंखा बघत बसतो. तिसऱ्यावर तर व्यापार सपशेल आपटतो, कारण तासाभरात कोण जिंकणार हे दिसतं आणि पुढचा तास फक्त हरायचा असतो. गंमत म्हणजे या खेळाच्या मुळाशी नेमकं हेच दाखवायचा हेतू होता. अमेरिकेतल्या लिझी मॅगी यांनी 1904 मध्ये पेटंट घेतलेला जमीनदारांचा खेळ जमिनीची मक्तेदारी किती घातक आहे हे समजावण्यासाठी होता. 1935 मध्ये त्यावरून घेतलेली मोनोपॉली, जिच्यावर आपला व्यापार बेतला आहे, बाजारात आली तेव्हा धडा गळला आणि मक्तेदारीची मौज उरली. आपल्याकडच्या व्यापारात काही घरं आणखी एक भर घालतात: दंडाचे पैसे मधे टाकायचे आणि अमुक घरात येईल त्याला सगळे. पैसा पुन्हा खेळात येतो, दिवाळं लांबतं, डाव रात्रीपर्यंत चालतो. मे महिन्याच्या सुट्टीत हे हवंच असतं, इतर वेळी हा नियम आधी काढा.

वाघ-बकरीच्या जातीचे खेळ मात्र वारंवार उघडून बघावेत. दोन्ही बाजूंचं बळ वेगळं, ध्येय वेगळं. आंध्र-तेलंगणातल्या पुलिजूदममध्ये 3 वाघ आणि 15 बकऱ्या, नेपाळच्या बाघचालमध्ये 4 आणि 20. वाघाने उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी वाघाला कोंडायचं. एक बकरी कमी केली की तोल कसा जातो ते स्वतः खेळून बघा. रचनेचा याहून स्वस्त वर्ग मला माहीत नाही.

एक नियम हलवा

आता रचायला घ्या. सरावासाठी नाव-गाव-फळ-फूल घेऊ. अक्षर निघतं, प्रत्येक जण रकाने भरतो, वेगळं उत्तर असेल तर 10 आणि कुणाशी जुळलं तर 5. या खेळाचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे: ‘क’ला गाव कोल्हापूर आणि फूल कमळ, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. पाठांतर करणारा जिंकतो.

रकाने काढून टाका. पहिल्या अक्षराऐवजी दोन व्यंजनं द्या आणि सांगा, याच क्रमाने ही दोन व्यंजनं येतील असे शब्द लिहा, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वार हवे ते लावा. क आणि ळ निघाले तर काळ, कळ, कळी, केळ, कोळी, कूळ. म आणि न निघाले तर मन, मान, मौन, मुनी, मैना. व आणि ट निघाले तर वाट, वाटी, वीट, वेटोळं (नाही, वेटोळ्यात ळ आला, बाद). बाकी सगळं नाव-गावसारखंच. या खेळाला आपण तात्पुरतं ‘केळीकोळी’ म्हणू. नाव शेवटी बदला, पण हाक मारायला काहीतरी सुरुवातीपासून हवं.

मराठी अक्षरांचं काय करायचं

शब्दखेळ मराठीत करायचा म्हणजे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मजेचा भाग हाच. इंग्रजीत 26 अक्षरं, लाकडाच्या 26 प्रकारच्या चकत्या, काम झालं. आपल्याकडे क्ष आणि ज्ञ धरून 36 व्यंजनं आणि बाराखडी, म्हणजे 432 आकार, आणि जोडाक्षरं वेगळीच. वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यात एका घरात मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं. कोडं सोडवायला ते छान, पण चकत्या करायच्या तर पोतं लागेल.

मला पटलेला तोडगा असा: चकती फक्त व्यंजनाची. तिच्यावर मात्रा गृहीत. ‘र’ची चकती म्हणजे र, रा, री, रु, रे, रो यांतलं काहीही. जोडाक्षर सोडवायचं: पुस्तक म्हणजे प-स-त-क, स्वातंत्र्य म्हणजे स-व-त-त-र-य. क्ष म्हणजे क-ष, श्र म्हणजे श-र, ज्ञ ला एक ज पुरे. शब्दात स्वतंत्र स्वर आला (आई, ऊस, औषध) तर त्यासाठी ‘स्वर’ असं लिहिलेली एकच चकती, ती कुठलाही स्वर होते. ऱ्हस्व-दीर्घाचं भांडण आपोआप मिटतं, आणि शुद्धलेखनाचे गुण वाटायला आपण शाळा काढलेली नाही.

कोणतं अक्षर किती वेळा ठेवायचं? आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने 1930 च्या दशकात, हाताला काम नसताना, वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून त्यावरून आपल्या खेळाच्या चकत्या ठरवल्या. जेम्स ब्रुनो यांनी 1948 मध्ये तो स्क्रॅबल या नावाने बाजारात आणला. तुम्हीही मोजा, पण मराठी वर्तमानपत्र जसंच्या तसं मोजलंत तर फसाल. आपल्या वाक्यांत ‘च्या’, ‘ला’, ‘नी’, ‘त’, ‘आहे’ यांचा इतका सुळसुळाट असतो की च, य, ल, न, त, ह विनाकारण फुगतात. प्रत्यय आणि ‘आहे’ खोडून फक्त मूळ शब्द मोजा. एक पान पुरेसं आहे. अशा मोजणीवर आणि खेळताना पडलेल्या अडचणींवर बेतलेली माझी 96 चकत्यांची थैली अशी: र 6, त, न, ल, क, स प्रत्येकी 5, व, म, प प्रत्येकी 4, य, द, ग, ज, च, ब, ट प्रत्येकी 3, ह, श, ण, ड, ळ, ख, भ प्रत्येकी 2, ध, घ, थ, फ, ठ, झ, छ, ष, ढ प्रत्येकी 1, स्वर 5, कोऱ्या 4, ज्या कशाच्याही जागी चालतात. हिला वेदवाक्य समजू नका. विदर्भातल्या आणि कोकणातल्या भिडूंच्या बोलण्यातले शब्द वेगळे, तुमची थैली थोडी वेगळी निघेलच.

या थैलीवर स्क्रॅबलसारखा आडव्या-उभ्या शब्दांचा खेळही मांडता येतो. दोनच गोष्टी ठरवा. आडव्या शब्दात ‘रा’ असलेली चकती उभ्या शब्दात ‘री’ म्हणून चालेल, नाहीतर पट दहा मिनिटांत कोंडतो. आणि दोन चकत्यांच्या शब्दाला गुण नाहीत, कारण मात्रा मोकळ्या असल्या की जवळजवळ कुठलीही दोन व्यंजनं काहीतरी होतातच.

आता शब्द धरायचा कोणता? मराठी शब्दाला शेपटं चिकटत जातात: घर, घरात, घरातला, घरातल्यांनासुद्धा. सगळं चालू दिलं तर खेळ व्याकरणाचा होईल. म्हणून प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय लागलेली रूपं बाद. क्रियापद ‘-णे’ रूपात. विशेषणाचं एकच रूप मोजायचं, म्हणजे काळा, काळी, काळे हा एक शब्द. (कुणीतरी म्हणेल की ‘काळी’ म्हणजे जमीन, ते नाम आहे. द्या त्याला.) विशेषनामं बाद. पट्टीसारखा द्वित्त शब्द प-ट-ट मोजायचा, प-ट नव्हे.

वाद झाल्यावर कोश काढायचा का? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, 1857 ची दुसरी आवृत्ती, आज इंटरनेटवर शोधता येतो आणि त्यात दोन अक्षरांच्या जवळपास प्रत्येक जुळणीला काही ना काही सापडतं. अडचण तीच. जो कोश पाठ करेल तो जिंकेल आणि बाकीचे उठून जातील. त्यापेक्षा हा नियम बरा: आक्षेप आला तर शब्दाचा अर्थ सांगून तो वाक्यात वापरून दाखवायचा. टेबलावरच्या आणखी एकाला तो माहीत असेल तर चालला. आजीचा ‘कीळ’ अशाने टिकतो, कोशातून रात्रीत उचललेला शब्द टिकत नाही.

सामान: कुरूप आणि लगेच

पहिला संच एका संध्याकाळी झाला पाहिजे, आणि तो देखणा असता कामा नये. देखणा संच बदलायला जीव होत नाही. उरलेल्या लग्नपत्रिका, जुनी व्हिजिटिंग कार्डं, वहीचे पुठ्ठे कापून चकत्या करा. पेन्सिलीने लिहा. सोंगट्यांना बाटल्यांची बुचं, बटणं, फुटक्या कॅरमच्या सोंगट्या. फासे आणि वाळूचं घड्याळ तेवढं विकत आणा, किंवा फोनचं घड्याळ वापरा.

चार-सहा आठवडे खेळून नियम स्थिरावले की दुसरा संच. लेझर कटिंगवाल्याकडून 3 मिलिमीटर जाड एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या, 20 मिलिमीटर चकत्या कापून घेता येतात, वर स्टिकर. पत्ते हवे असतील तर 63 गुणिले 88 मिलिमीटर हे प्रचलित माप ठेवा, म्हणजे बाजारातली प्लास्टिकची पाकिटं बसतात. कागद जाड, 300 जीएसएमचा (एका चौरस मीटरला 300 ग्रॅम). पट फ्लेक्सवर छापणं स्वस्त पडतं पण गुंडाळी सरळ होत नाही, कापडावर छापलेला पट घडी करून कुठेही नेता येतो. पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्या, इथे डबे-पिशव्यांपासून मण्यांपर्यंत सगळं एका फेरीत मिळतं.

खेळवून बघा, आणि गप्प बसा

आधी एकट्याने, दोन्ही बाजूंनी खेळा. मग घरचे, मग खेळ न पाहिलेले लोक. रचणाऱ्याने टेबलापाशी वही घेऊन बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. नियम समजावण्याचा अनावर मोह होतो. होऊ द्या, बोलू नका.

शेवटी ‘आवडला का?’ हा प्रश्न निरुपयोगी, आपल्याकडे पाहुणा नाही म्हणत नाही. विचारायचं ते असं: कुठे कंटाळा आला? कोणता नियम पुन्हा वाचावा लागला? आणि सगळ्यात खरं उत्तर न विचारता मिळतं: कुणी आपणहून चकत्या पुन्हा थैलीत भरून ‘अजून एक’ म्हणतं का, की फोन हातात घेतं?

केळीकोळी अशा चाचण्यांत कसा बदलतो ते बघा, म्हणजे पद्धत कळेल. मूळ रूपात एका मिनिटात वाटेल तितके शब्द लिहायचे. टेबलावर लगेच दिसतं की भरभर लिहिणारा जिंकतो, आणि पाचवीतलं पोर दुसऱ्या फेरीत रुसतं. शब्दसंख्येला मर्यादा घाला: प्रत्येकाने फक्त चार शब्द लिहायचे, आणि जुळलेल्या शब्दाला 5 नाही, शून्य. आता सगळं पालटतं. ‘काळ’ आणि ‘केळ’ सगळ्यांना सुचणार, मग ते लिहायचे की सोडायचे? समोरचाही हाच विचार करत असेल, मग कदाचित ‘काळ’ कुणीच लिहिणार नाही? लिहिण्याच्या वेगाचा खेळ समोरच्याचं मन ओळखण्याचा होतो, आणि पाचवीतलं पोर आजोबांना चीत करू शकतं.

पुढची अडचण: ठ आणि ढ निघाले तर काय? काहीच नाही, सगळे एकमेकांकडे बघत बसतात. पुन्हा काढा असा नियम करता येतो, पण तो आळशी नियम. त्याऐवजी थैलीतून तीन चकत्या काढायच्या, आणि ज्याच्यावर राज्य आहे त्याने त्यांतल्या दोन, हव्या त्या क्रमाने, निवडायच्या. अडचण मिटली, शिवाय राज्य घेणाऱ्याला निर्णय मिळाला. अडलेल्या ठिकाणी निवड घालता आली तर नेहमी तीच घाला.

दोन भिडूंत शब्द फारसे जुळत नाहीत, त्यामुळे मजा उतरते. उपाय शोधत बसू नका, खोक्यावर ‘3 ते 6 भिडू’ लिहा.

नियम लिहिणं

शेवटची चाचणी आंधळी: संच आणि छापील नियम ओळखीच्या घरी द्या, आपण तिथे जायचं नाही, त्यांना फोनवर व्हिडिओ काढून पाठवायला सांगा. इथे नियमपत्रकाची अब्रू निघते.

पत्रक एका कागदाच्या दोन बाजूंत बसवा. आधी दोन ओळींत जिंकायचं कसं, मग खोक्यात काय काय आहे, मग मांडणी, एक पूर्ण फेरी, गुण, डाव कधी संपतो, आणि शेवटी वादाचे नियम. एका गोष्टीला एकच शब्द. सुरुवातीला ‘चकती’ म्हटलं असेल तर पुढे ‘अक्षर’ किंवा ‘सोंगटी’ म्हणू नका. डाव, फेरी आणि खेळी हे तीन शब्द घरी बोलताना एकमेकांच्या जागी चालतात, पत्रकात मात्र प्रत्येकाला एकच काम द्या. एक फेरी खऱ्या उदाहरणासकट पूर्ण लिहून दाखवा. भिडू आधी तेच वाचतात, बरेचदा तेवढंच वाचतात.

चार प्रतींपलीकडे जायचं असेल तर

खेळाची कल्पना चोरीला जाईल ही भीती नवशिक्यांना फार असते. भारतीय पेटंट कायदा, 1970 च्या कलम 3(एम) प्रमाणे खेळ खेळण्याच्या पद्धतीला पेटंट मिळतच नाही, तेव्हा ती आशा आणि भीती दोन्ही सोडा. नियमपत्रकाचा मजकूर आणि चित्रं यांवर मात्र लिहिल्या क्षणापासून तुमचा कॉपीराइट आहे, नोंदणी ऐच्छिक. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: दुसऱ्याच्या खेळाची युक्ती तुम्ही घेऊ शकता, पण त्याचा मजकूर, चित्रं आणि नोंदलेलं नाव नाही. नाव पक्कं करण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोधा, आणि तशा रचनेचा खेळ आधीच आहे का ते बोर्डगेमगीक या बैठ्या खेळांच्या संकेतस्थळावर बघा. असला तर वाईट वाटून घेऊ नका, त्यांनी तीच अडचण कशी सोडवली ते वाचा.

विकायचं ठरवलंत तर आणखी एक गोष्ट. 14 वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. खोक्यावर ‘वय 8 पासून’ असं हौसेने छापण्याआधी त्याचा खर्च आणि खटाटोप समजून घ्या. नातेवाईक-मित्रांना भेट द्यायच्या प्रती काढणं वेगळं, दुकानात ठेवणं वेगळं.

छपाईवाल्याला आधी एकच प्रत करायला सांगा, आणि ती पिवळ्या बल्बच्या उजेडात, चष्मा लावणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. घ आणि ध, भ आणि म, ष आणि प या जोड्या लहान चकतीवर फसवतात. अक्षराखाली आडवी रेघ काढली की चकती उलटी धरली आहे हेही कळतं. आणि प्रत्येक डब्यात चार-पाच कोऱ्या चकत्या जास्तीच्या टाका, पहिल्या महिन्यात एखादी तरी सोफ्याखाली जातेच.